काट्याचं तोंड कुणाकडे आहे?

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर फंडाचे जे पैसे आले त्यातले निम्मे त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले, आणि त्या पतसंस्थेचं ऑफिस मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी ती एका टेलरच्या दुकानावर माडीवर होती, अरुंद लाकडी जिना, वर दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट, तेव्हा बाबा तिच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मग ती मेन रोडवर आली. काचेचं दार, दार ढकललं की एसीची गार झुळूक, ग्रॅनाइटचं काउंटर, टोकन मशीन, सगळ्या मुली एकसारख्या साडीत, आणि आम्ही आत गेलो तशी त्यातली एक उठून आली आणि म्हणाली, काका उन्हातून आलात, आधी बसा, पाणी घ्या. स्टीलचा पेला, त्यावर झाकणी. बाबांनी जन्मभर सरकारी ऑफिसांच्या जाळीच्या खिडकीतून "उद्या या" एवढंच ऐकलेलं, त्यांना कुणीतरी उठून पाणी दिलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, अगं केवढं मोठं ऑफिस आहे, अगदी बँकेसारखं.

सात वर्षांनी एका दिवाळीनंतर पैसे मिळेनात. आधी महिन्याला पाच हजार, मग दोन हजार, मग साहेब बाहेरगावी गेलेत. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तेव्हाही ते टोकन मशीन चालू होतं. बाबा सकाळी जाऊन टोकन घ्यायचे, गादीच्या खुर्चीवर बसायचे, नंबर लागला की काउंटरवर जायचे आणि तीच मुलगी मान खाली घालून आज नाही म्हणायची.

नातेवाईक म्हणाले जास्त व्याजाचा मोह नडला. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, कारण व्याज बँकेपेक्षा दीड टक्काच जास्त होतं आणि त्याच व्याजाला बाबा त्या माडीवर कधी चढले नव्हते. ते फसले ते जागेमुळे. आणि जागा बघून माणसाची पारख करणं ही काय त्यांची एकट्याची खोड नाही, आपण सगळे तेच करतो, डॉक्टर निवडताना, वकील निवडताना, सोनं घेताना, फ्लॅट बुक करताना. "दिसतं तसं नसतं" ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण मग बघायचं तरी काय हे ती म्हण सांगत नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय.

मी गेली चौदा वर्षं छोट्या दुकानदारांची हिशोबाची कामं करते, जीएसटी रिटर्न, बॅलन्सशीट वगैरे. त्यामुळे दुकानाचं इंटिरियर मला दोन बाजूंनी दिसतं, एकदा गिऱ्हाईक म्हणून आणि एकदा "फर्निचर अँड फिटिंग्ज" नावाच्या ओळीत, जिथे दरवर्षी दहा टक्के घसारा पडतो. आणि त्या ओळीच्या समोर लोन असतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या डोक्यात जो जुना हिशोब बसलाय की "एवढा पैसा घातलाय म्हणजे हा माणूस पळून जाणार नाही", तो हिशोब ज्या काळी खरा होता तो काळ वेगळा होता. जुन्या पेढीवर गादी, तक्या, लाल वह्या, भिंतीत बसवलेली तिजोरी, आणि वरच्या मजल्यावर मालकाचं घर. वाडा त्याचा स्वतःचा, वडिलोपार्जित. पेढी बुडाली तर वाडा जायचा, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. म्हणजे त्या भिंती खरोखरच तारण होत्या, आणि लोक भिंतीकडे बघून विश्वास ठेवायचे ते बरोबरच होतं. आता तसं नाहीये. जागा भाड्याची, फर्निचर कर्जाचं, काम महिना-दीड महिन्यात उभं करून देणारे कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक तालुक्यात, आणि पतसंस्थेसारख्या ठिकाणी तर ते ग्रॅनाइट ठेवीदारांच्याच पैशातून आलेलं असू शकतं. भिंत तीच दिसते, पण तिच्यामागचं तारण गेलं. आपली नजर मात्र आजोबांच्याच काळातली राहिली.

मुंबईतलं टोरेस या दागिन्यांच्या कंपनीचं प्रकरण आठवत असेलच. २०२४ मध्ये दादरसारख्या ठिकाणी भलंमोठं शोरूम, दिव्यांचा लखलखाट, काचेच्या कपाटात मॉइसनाइटचे खडे. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा चमकणारा, प्रयोगशाळेत तयार होणारा खडा. पैसे भरा, खडा घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा अशी स्कीम, नवीन माणूस आणलात तर आणखी. ६ जानेवारी २०२५ ला दादरच्या शोरूमबाहेर लोकांची झुंबड उडाली तोवर पैसे येणं थांबलेलं होतं, मग शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. त्यात पैसे घातलेल्यांमध्ये भाजीवाले होते, नोकरदार होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. आता विचार करा, हीच स्कीम कुणी एखाद्या चाळीच्या खोलीत बसून सांगितली असती, आठवड्याला इतके टक्के देतो म्हणून, तर दादरच्या भाजीवाल्याने त्याला उभं तरी केलं असतं का? तो माणूस रोज पहाटे मार्केटला जाऊन पेंडीला दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, त्याला व्यवहार कळत नाही असं कुणी म्हणू नये. शोरूमने त्याचा व्यवहार झोपवला. लखलखाटात शंका विचारायला माणूस लाजतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, बाबाच त्या गार हवेत बसून विचारायचं सगळं विसरून गेले होते.

आणि विचारायचा प्रश्न अगदी साधा होता, ही बँक आहे का? पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचं बँकिंगचं लायसन नसतं, आणि बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं जे संरक्षण असतं, म्हणजे ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला व्याजासकट पाच लाखांपर्यंत, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की काही सहकारी सोसायट्या आपल्या नावात "बँक" शब्द लावतायत आणि तसं त्यांना लावता येत नाही. पण नावात शब्द लावला नाही तरी फर्निचर तर लावता येतंच ना. काउंटरची उंची, कॅशिअरची काच, टोकन, भिंतीवर व्याजदराचा लाल आकड्यांचा बोर्ड, सगळं बँकेचं. बाबा "बँकेसारखं" म्हणाले ते उगीच नाही, ते तसंच बनवलेलं होतं.

म्हणून इतक्या वर्षांनी माझं मत असं झालंय की जागा चकचकीत आहे की साधी, याने काहीच कळत नाही. बघायचं ते हे, की या जागेत धंदा उघडा आहे आणि गिऱ्हाईक झाकलेलं आहे, का धंदा झाकलेला आहे आणि गिऱ्हाईक उघडं पडलंय. सगळी मेख इथेच आहे.

पुण्यातली जुनी अमृततुल्य, म्हणजे चहाची दुकानं बघा. स्टोव्ह रस्त्याच्या बाजूला, अगदी दारात. चहा करणारा उंच ओट्यावर बसलेला, पितळेचं पातेलं, शेजारी खलबत्त्यात वेलची नाहीतर आलं कुटायचं चाललेलं, दूध उकळतंय, फडक्यातून गाळलं जातंय, आणि हे सगळं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालासुद्धा दिसतंय. आत टेबलं साधी, बाकं अरुंद, भिंतीला रंग कधी दिलाय कुणास ठाऊक. पण त्या दुकानात लपवायला जागाच नाही, कारण स्वयंपाकघरच दर्शनी भागात ठेवलंय, आणि मला वाटतं लोकांनी या दुकानांना पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला त्यात चवीइतकाच या रचनेचाही वाटा असणार. आता ह्याच्या शेजारी ते हॉटेल ठेवा जिथे हॉलमध्ये झुंबर आहे आणि किचनच्या दारावर "परवानगीशिवाय आत येऊ नये" अशी पाटी. मी बाहेर जेवायला गेले की पहिल्यांदा हात धुवायच्या बेसिनकडे जाते, तिथून बहुतेक वेळा किचनचं दार अर्धवट उघडं दिसतं आणि फरशी दिसते, आणि फरशी कळली की बाकीचं कळतं.

फ्लॅटचा सॅम्पल तर मी कधीच विसरणार नाही. नवऱ्याबरोबर एका साइटवर गेले होते, सॅम्पल फ्लॅट बघून दोघेही हरखून गेलो, केवढा मोठा वाटत होता. मग मला मुलांच्या खोलीतला पलंग जरा वेगळा वाटला, म्हणून सेल्सवाला फोनवर होता तेवढ्यात मी वितीने मोजला. माझी वीत आठ इंचाची. साडेआठ विती भरला, म्हणजे पावणेसहा फुटाच्या आत. नेहमीचा पलंग सव्वासहा-साडेसहा फुटाचा असतो. मग एकेक दिसायला लागलं, खोल्यांना दारंच नव्हती, नुसत्या चौकटी, त्यामुळे दार उघडायला लागणारी जागा मोकळी दिसत होती, कपाटाच्या जागी आरसा, हॉलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात दिवे. कुणी एक शब्द खोटा बोललं नव्हतं, सगळं खोटं लाकडात होतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १२ मध्ये याचा विचार केलेला आहे, जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, आणि कलम १३ म्हणतं की रजिस्टर्ड करार केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून कलम कुणाला आठवतं, तिथे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे हे चाललेलं असतं.

आता गिऱ्हाईक उघडं पडणं म्हणजे काय. आमच्याकडच्या एका दवाखान्यात, नाव नको, डॉक्टरांच्या टेबलासमोर एका वेळी तीन पेशंट बसवतात. एकाचं तपासून होतंय, दुसरा स्टुलावर तयार, तिसरा दारात. मी पाळीच्या तक्रारीसाठी गेले होते आणि माझ्या शेजारी मुलाच्या शाळेतल्या ओळखीच्या बाई बसलेल्या. डॉक्टर चांगले आहेत, निदान बरोबर करतात, पण त्या दिवशी मी त्यांना अर्धंच सांगितलं. अर्ध्या तक्रारीवर अर्धंच औषध मिळणार. पुढच्या वेळी मी तीस किलोमीटर लांब गेले, तिथे केबिनला दार होतं आणि आत मी आणि त्या डॉक्टरीण बाई दोघीच. बाकी तो दवाखाना आमच्या गावातल्यापेक्षा जुनाट, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, पण एक दार होतं. सोनं तारण ठेवणाऱ्या ऑफिसांचंही तेच, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र जिथे काढून वजन करतात ते काउंटर रस्त्यावरून काचेतून दिसतं, आणि त्या बाईच्या कर्जाच्या अटी मात्र आतल्या ड्रॉवरमध्ये. उलटं पाहिजे. अटी काचेवर लावा आणि बाईला आडोसा द्या.

याच्यावर माझे क्लायंट मला सुनावतात तेही सांगते, कारण त्यांचंही खरं आहे. एक वकील आहेत, माणूस सोन्यासारखा, पण ऑफिस जुन्या बाजारात माडीवर, जिन्यात अंधार. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणता साधी जागा चालते, माझ्याकडे येणारी पार्टी जिन्यातूनच परत जाते आणि हायवेवरच्या नवीन कॉम्प्लेक्समध्ये माझ्याच ज्युनिअरला दुप्पट फी देते. अन्याय आहेच हा. पण मी त्यांना म्हटलं की सर, जिन्यात दिवा लावणं म्हणजे इंटिरियर नव्हे, ती तर म्हाताऱ्या पक्षकाराची काळजी आहे. स्वच्छता, उजेड, बसायला धड खुर्ची, बायकांसाठी कडी लागणारं टॉयलेट, जिन्याला कठडा, हे सगळं मी दिखाव्यात धरत नाहीच. उलट हाच खरा पुरावा आहे, कारण हे रोज करावं लागतं, एकदा कॉन्ट्रॅक्टरला पैसे देऊन होत नाही. त्यांनी दिवा लावला आणि फीचा तक्ताही दाराशी लावला. पार्टी वाढली की नाही ते मी नाही सांगू शकत, पण त्यांच्याकडे येणाऱ्या एक आजी आता मुलाचा हात न धरता वर जातात.

आता यात सरकारचं काम काय. कायद्यात बऱ्याच गोष्टी आहेतच. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करून घ्यायची आणि त्याचं सर्टिफिकेट ठळक दिसेल असं लावायचं. खाण्याच्या दुकानात अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर. मिठाईच्या सुट्या ट्रेवर कधीपर्यंत खावी ती तारीख, हे १ ऑक्टोबर २०२० पासून. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागायचा हक्क. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी हॉस्पिटलने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. आणि हे कुठे असतं? सर्टिफिकेट कॅलेंडरच्या मागे, परवाना देवाच्या फोटोच्या वर जिथे वाचायला शिडी लागेल, रुग्ण हक्कांची सनद बारीक अक्षरात लिफ्टच्या बाजूला, जिथे स्ट्रेचर आला की सगळे बाजूला होतात. म्हणजे कागदोपत्री कायदा पाळला आणि वाचणाराला काही मिळालं नाही.

दुकानाच्या बाहेरची पाटी मराठीत असावी म्हणून २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, अगदी दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनासुद्धा लागू केली, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली. मला ते मनापासून पटलं होतं, माझ्या भाषेची पाटी दिसली की मलाही बरं वाटतं. पण तेवढाच आग्रह आपण आतल्या पाट्यांसाठी का नाही धरत? ज्या पक्षाची पोरं बाहेरच्या पाटीसाठी रस्त्यावर उतरली त्यांनी एकदा आत शिरून विचारावं, काट्याचं सर्टिफिकेट कुठंय, दरपत्रक कुठंय, मराठीत आहे का, माझ्या आईला चष्मा लावून वाचता येईल एवढं मोठं आहे का. आणि पतसंस्थांच्या बाबतीत तर माझी मागणी सरळ आहे, ठेवीच्या काउंटरवर, जिथे माणूस स्लिप भरायला वाकतो तिथेच, डोळ्यांच्या रेषेत, मोठ्या मराठी अक्षरात लिहिलेलं पाहिजे की ही बँक नाही, इथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. ज्या संस्था चांगल्या चालल्यात, आणि अशा कितीतरी आहेत, ज्यांनी खेड्यातल्या बायकांना सावकाराच्या दारातून सोडवलंय, त्यांचं या पाटीने काही बिघडणार नाही. बाबांनी ती पाटी वाचली असती तर पैसे ठेवले नसते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण निदान त्यांनी त्या मुलीला विचारलं तरी असतं.

माझा एक क्लायंट सराफ आहे, तालुक्याच्या बाजारात, तिसरी पिढी. गेल्या वर्षी त्यांनी दुकान नवीन करायला काढलं, कॉन्ट्रॅक्टरने फॉल्स सीलिंग, दिवे, आरसे असं साडेआठ लाखांचं कोटेशन दिलं आणि ते माझ्याकडे लोनचे कागद करायला आले. मी लोनचे कागद केले, ते माझं कामच आहे. पण त्यांना म्हटलं, भाऊ, एक करा, काटा फिरवा. त्यांच्या दुकानात आकडे मालकाच्या बाजूला दिसायचे, गिऱ्हाईकाला मालक सांगेल ते वजन. आणि हॉलमार्क वाचायचं भिंग, दहापट मोठं दाखवणारं, ते गल्ल्यात पडलेलं असायचं. त्याच्यावरच तर सगळं आहे, दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, १ एप्रिल २०२३ पासून त्या नंबरशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही, आणि तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना कुठला, कुठल्या सेंटरला तपासला, किती शुद्ध, सगळं दिसतं, अगदी ती अंगठी आहे की चेन हेसुद्धा. भाऊ आधी गप्प बसले. मग म्हणाले, आमच्या वडिलांना ते आवडलं नसतं, ते म्हणायचे गिऱ्हाईकाने काट्याकडे बघायला लागणं म्हणजे आपल्यावर अविश्वास.

दिवाळीच्या आधी मी रिटर्नच्या सह्या घ्यायला गेले तेव्हा सीलिंगचं काम अर्धं व्हायचं होतं, वायरी लोंबत होत्या. पण काटा मधोमध ठेवलेला, आकडे दोन्ही बाजूंना दिसतील असा नवीन आणलेला, शेजारी भिंग दोरीला बांधलेलं. एक म्हातारी बाई नातीसाठी कानातलं घ्यायला आली होती. तिने जोड स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवला, आकडा हलायचा थांबेपर्यंत बघत राहिली, मग भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागली, आणि भाऊ ते अक्षर मोबाईलमध्ये टाइप करत होते.